पाठीतून निघालेला खेकडा

आचऱ्याच्या बंदरावर कुर्लेबाबांनी गणपतच्या पाठीतून जिवंत खेकडा काढला आणि माणसांची ही झुंबड उडाली. कॅन्सर म्हणजे कर्करोग, कर्क म्हणजे खेकडा. बाबा तो मुळासकट उपटतात. गणपतला मुळात कॅन्सर नव्हताच. पण डोळ्यांदेखत खेकडा निघाल्यावर एवढी चौकशी कोण करतो?

मासे विकणारी प्रेमलताही रांगेत होती. तिला ल्युपस. शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच मूत्रपिंडांवर उठलेली, आणि ती शक्ती आवरणाऱ्या गोळ्या कित्येक वर्षं चालू. "या गोळ्यांनी कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तपासणीला येत जा," असं डॉक्टर संचितांनी सांगितलं होतं. तिने हे बाबांना सांगितलं, तर त्यांनी त्यातलं 'थोडा' गाळलं.

"बाई, प्रत्येक गोळी म्हणजे खेकड्याचं अंडं."

घाबरून तिने गोळ्या सोडल्या. काही आठवड्यांत पाय सुजले, चेहरा सुजला. "खेकडा वाढतोय," बाबा म्हणाले.

अखेर खेकडा काढून घ्यायला तिचा नंबर लागला. बाबांनी तिच्या पाठीवर ओलं फडकं पसरलं, झोळदार बाहीत हात घातला आणि "निर्गच्छ कर्क" सुरू केलं. मंत्र एकदम वरच्या पट्टीत गेला. मग त्यात "आई गं" मिसळलं. बाहीतल्या खेकड्याने बाबांचं बोट धरलं होतं.

"बाबाकच कॅन्सर झालो," गणपत हात जोडून म्हणाला. "आमचो रोग त्येना आपल्यार घेतल्यान."

दोघीतिघी रडू लागल्या.

"हात वडू नकात," प्रेमलता म्हणाली. तिने बाही वर सारली, नांगी सोडवली. आत कापडी पिशवी, पिशवीत आणखी दोन खेकडे, बर्फाने गारठून निपचित. उन्हात रांग लांबली, बर्फ वितळत आला आणि वरच्या तिसऱ्याला जाग आली होती.

"कुर्ली माझ्या पाठीतली, मगे बर्फ कित्याक?"

"रोग थंड असतो," बाबा म्हणाले आणि बोट चोखत गाडीत बसले.

प्रेमलता तडक इस्पितळात गेली. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली.

"धोका खरा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून ऊन टाळायचं, नवी गाठ किंवा डाग दिसला की दाखवायचा. पण गोळी सोडण्याचा धोका त्याहून मोठा."

"ह्या माका आदीच कित्याक नाय सांगलात?"

"सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्यापासून सांगू लागल्या.

भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा उपाय खरा ठरत नाही. भीती वाटली तर डॉक्टरांना विचारा, उत्तर पटेपर्यंत विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका.