लाख किलोमीटर फिरलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझी काही हरकत नाही. मी जे केलं ते टायरच काय, विमानंसुद्धा करत नाहीत. पण मी केलं. साक्षीदार आता एकही उरलेला नाही, त्यामुळे माझं म्हणणं खोडून काढणाराही कोणी नाही.

सध्या मी सडक अर्जुनीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून, देवकाबाईच्या ढाब्यासमोर एका लोखंडी खांबाला टांगलेला असतो. माझ्या एका गालावर पिवळ्या रंगाने 'फौजी ढाबा' असं लिहिलं आहे. देवकाबाई कधी फौजेत नव्हती. तिचा नवराही फौजेतला नव्हता. फौजेतला काय तो मी एकटा. समोरून दिवसभर ट्रक जातात. प्रत्येकाला दहा-दहा टायर, सगळे जोडीने पळणारे. माझ्याकडे कोणी वळून पाहत नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी एवढा टणक होतो की तपासणाऱ्याने हातोडा मारला आणि हातोड्याचा दांडा मोडला. दुसरा हातोडा आणला, तोही मोडला. शेवटी त्यांनी हात जोडले आणि मला फौजेत पाठवून दिलं.

पहिल्याच वर्षी मला उंच पहाडात नेलं. बर्फाने वाट बंद व्हायच्या आत वरच्या ठाण्यावर सहा महिन्यांचं सामान पोचवायचं होतं: पीठ, डाळ, रॉकेल, लोकरी मोजे. अर्ध्या वाटेत गाडीचे बाकी सगळे टायर बसले. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, बस इथेच. आणि पोटात पिठाची पोती भरून मी एकटा गडगडत निघालो, चढावर. होय, चढावर. उतारावर कोणीही गडगडतं. ठाण्यावरच्या एका जवानाने पुढे अख्खा हिवाळा माझ्या आत बसून काढला. म्हणाला, घरीसुद्धा एवढी ऊब नव्हती.

आणखी एकदा पुलाचा खांब वाहून गेला, तेव्हा मी खांबाच्या जागी उभा राहिलो. एकोणसाठ गाड्या अंगावरून गेल्या. साठावी रस्ता चुकली होती. तिच्यासाठीही थांबलो.

अशा दोन मोहिमांच्या मधे मी भांडारात विश्रांती घेत असे. भांडार म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. सगळ्यात वरची फळी, डावीकडून तिसरी जागा माझी. समोरच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. पहिल्या वर्षी तो बदकासारखा दिसे. चौथ्या वर्षी बदकाला शिंगं फुटली. नवव्या वर्षी त्याचा घोडा झाला, चांगला खोगिरासकट. (हे मी फक्त विश्रांतीच्या दिवसांत पाहिलं. गैरसमज नको.)

भांडार सांभाळायला श्यामलाल नावाचे हवालदार होते. माणूस पापभीरू, पण कायम धास्तावलेला. त्यांनी दहा टायर मागवले की तीन येत. वरून चिठ्ठी येई, यंदा पैसा कमी आहे, आहे त्यात भागवा. मग ते तिघे बिचारे आल्या आल्या गाड्यांना लागत आणि भांडार पुन्हा रिकामं. वर्षातून एकदा मात्र मोठे साहेब तपासणीला येत. फळीवर एकही नवा टायर दिसला नाही तर हवालदारांची खैर नव्हती. म्हणून श्यामलाल दर सोमवारी ओल्या फडक्याने मला पुसत, मागची बाजू पुढे फिरवत आणि कोणाला हात लावू देत नसत.

ड्रायव्हर येत. त्यातला इंद्रकुमार तर दर महिन्याला यायचा. त्याच्या गाडीचे टायर हाताच्या तळव्यासारखे गुळगुळीत झालेले.

"हवालदारसाहेब, तो वरचा द्या ना."

"तो राखीव आहे."

"कशासाठी राखीव?"

"वेळप्रसंगासाठी."

"मी उद्या घाटात जाणार आहे. याहून मोठा प्रसंग कोणता?"

"अरे बाबा, वीस तारखेला तपासणी आहे! तेव्हा साहेबांना काय तुझं तोंड दाखवू?"

इंद्रकुमार माझ्याकडे वर पाहायचा, मानेला झटका द्यायचा आणि निघून जायचा. मला त्याचं वाईट वाटे. पण मित्रांनो, मी काही साधा टायर नव्हतो. मला मोठ्या युद्धासाठी जपलं जात होतं. ते तेवढं झालं नाही.

कधीकधी खालच्या फळीवर झिजून परत आलेले टायर दोन-तीन दिवस मुक्कामाला असत. पुढे त्यांना नवं रबर चढवायला पाठवत. ते दोन-तीन दिवस शेड बोलकी होई. एक सांगे, बर्फावर चालताना पिठावर चालल्यासारखं वाटतं. दुसरा सांगे, कुठल्याशा नदीकाठी ड्रायव्हरने माझ्यावर बसून घरचं पत्र तीनदा वाचलं. मी वरून सगळं ऐकून घेई. म्हणजे माझे अनुभव त्यांच्याशी ताडून पाही. मग एका सकाळी त्यांना घेऊन जात, आणि उरे ते बदक. शिंगं फुटलेलं.

पुढे श्यामलाल निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने माझ्या अंगावरची तारीख वाचली, "याची तर मुदत संपली," असं म्हणाला आणि खडूने फुली मारली. नोकरी पुरी झाल्यावर जवानाला मिळते, तशीच लाख किलोमीटरनंतरची ही माझी सन्मानाची सुट्टी, असं मी समजतो. लिलावात एका भंगारवाल्याने मला उचललं. त्याच्या ढिगातून देवकाबाईने निवडलं. भंगारवाला म्हणाला, हा लडाख पाहून आला आहे. देवकाबाईला तेवढं पुरलं. ती आल्या-गेल्याला चहाबरोबर माझी गोष्ट सांगते, आणि दर वेळी त्यात थोडी भर घालते. आमचं दोघांचं छान जमतं.

तर मित्रांनो, वस्तू जपा. पण जपणं म्हणजे पुसून फळीवर ठेवणं नव्हे. तुमच्या घरी पाहुण्यांसाठी म्हणून कपबशा कपाटात कोंडल्या असतील. एकदा त्यातून चहा प्या. फुटली एखादी तर फुटू द्या. कपाटातल्या काळोखात तिला काय वाटत असेल, हे मला विचारा. म्हणजे मला कसं कळणार म्हणा, मी तर सदैव फिरतीवर!

आता परवाची गोष्ट ऐका. सकाळी अकराच्या सुमाराला एक सहाचाकी ट्रक लंगडत ढाब्यासमोर येऊन थांबला. मागच्या जोडीतला आतला टायर चिंध्या झाला होता. योगराज नावाचा ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा, घामाघूम, खांद्यावर गमछा. सालेकशाकडच्या जंगलात एक पोलीस चौकी आहे, तिथलं रेशन तो पोचवतो.

"काऊन भाऊ, स्टेपनी नाई का?" देवकाबाईने चुलीजवळूनच विचारलं.

"स्टेपनी मालकानं दुसऱ्या गाडीले लावली. बजेट नाई म्हणते. बजेट नाई त का मी गाडी डोक्शावर घेऊन जाऊ?"

"मंग दुकानातून घे ना."

"दुकान बंद हाये. दुकानवाला लग्नाले गेला गोंदियाले. पंक्चरवाला बसला हाये, त्याच्यापाशी ट्यूब हाये, पण टायर नाई." योगराज खाटेवर टेकला आणि पुन्हा उठला. "चार वाजता जंगलातला रस्ता बंद करते पोलीस. मागच्या खेपेले मले उशीर झाला, त दोन दिवस चौकीतले पोरं मीठ-भात खाऊन राहिले. एक जण मले म्हणते, काका, कांदा तरी आणा. यंदा सांगून आलो का नक्की येतो."

बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली.

"देवकाबाई, हा नऊ-वीसच्या मापाचा हाये ना, माह्या गाडीचाच? आतल्या बाजूनं लावतो अन् धीरे धीरे जातो. द्या ना मले."

मित्रांनो, माझ्या अंगातून काय गेलं ते सांगता येत नाही. पण देवकाबाईच्या तोंडात माझी गोष्ट इतकी बसलेली, की ती आपसूक बाहेर आली.

"अगा, हा लडाखचा हाये! लाख किलोमीटर फिरला हा. बरफात, वाळूत, सगळीकडं. साहेबानं सलाम मारला याले!"

"लाख?" योगराजचे खांदे पडले. "मंग कायचा कामाचा. जंगलातल्या नाल्यातच बसवन हा मले." तो गमछ्याने तोंड पुसत वळला.

आता सांगतो, लाख हा आकडा मोघम होता. पन्नास हजार धरा. त्यातही चढाचे मोजायचे नाहीत, चढावर टायर झिजत नाही. पंचवीस हजार. पुलाखाली तर मी नुसता उभा होतो, ते वजा करा. दहा. बरं, पाच, आणि तेही चांगल्या डांबरी रस्त्यावर! मी मनातल्या मनात आकडा उतरवत होतो आणि योगराज ट्रककडे चालला होता. खांबापाशी त्याचा पाय अडखळला. तोल सावरायला त्याने हात टाकला तो नेमका माझ्या पाठीवर, जिथे रंग नाही तिथे. तो थांबला. बोटं हळूहळू फिरवली. मग वाकला आणि अगदी जवळून पाहिलं.

"देवकाबाई, इकडं या. टायर नवा असला की त्याच्या अंगावर रबराचे बारीक केस राहते. पयल्या दहा-वीस किलोमीटरातच झडते ते." त्याने माझा एक केस चिमटीत धरून ओढला. "सगळेच्या सगळे हायेत याचे. लबाड बोलून राहिले तुम्ही दोघं. हा बिचारा एक दिवस रस्त्यावर गेला नाई. चाला, उतरवू लागा याले!"