मोरचुदाच्या पाण्यातला वंश

निळ्या पाण्याच्या बाटलीत रक्ताचा थेंब पडला, मण्यासारखा सरळ तळाशी गेला, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“कुलूपबंद वंश!” पांढऱ्या कोटातले रक्तगुरू गरजले. “यांच्या पेशींना दारच नाही. एचआयव्ही काय, त्याचा बापही आत यायचा नाही! थेंब तरंगला, की समजा कमअस्सल रक्त. त्यांनी आमचा काढा घ्यावा.”

ज्याचा थेंब बुडाला तो ट्रकचालक म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या लॅबवाल्या ताईचा धाकटा भाऊ. तो आणि त्याचा जोडीदार चालक एकाच सुईने झोप उडवायचं इंजेक्शन घ्यायचे. जोडीदार गेल्या महिन्यात याच रोगाने गेला. भावजयीला पाचवा महिना. वेळेत तपासलं तर ती आणि बाळ, दोघं वाचणार. पण भाऊ आधीच तपासणीला तयार नव्हता, आता थेंब बुडाल्यावर तर मुळीच होईना. त्याच्यामागून भावजयीचा थेंब तरंगला, तेव्हा तर आईच म्हणाली, “रोग आलाच तर हिच्याकडून.”

ताईला राग आला नाही. जोडीदार गेल्यापासून महिनाभर तिला भावाच्या काळजीपलीकडे काहीच वाटत नव्हतं. ती शिंपीकाम करणाऱ्या चुलतभावाला घेऊन मंचावर गेली.

“हा आमच्याच वंशातला. घ्या थेंब.”

थेंब बुडाला. पुन्हा टाळ्या. शिंप्याने खिशातून डबी काढली.

“एचआयव्हीच्या गोळ्या. नऊ वर्षं झाली, रोज घेतोय.”

टाळ्या थांबल्या.

“हे मोरचुदाचं पाणी,” ताई म्हणाली. “रक्तदानाआधी आम्ही रोज वापरतो. हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब बुडतो, कमी असेल तर तरंगतो. बाकी काही कळत नाही.”

“पण पेशींवरच्या खुणा... शास्त्रज्ञच सांगतात!” गुरू चाचरले.

“सांगतात ना. विषाणू पेशीवरची एक कडी धरून आत शिरतो. मोजक्या माणसांना ती कडी जन्मतः नसते. काही समाजांत अशी माणसं जरा जास्त, काहींत जवळजवळ नाहीत. तीही पूर्ण सुरक्षित नसतात. आणि ते बाटलीत दिसत नाही, आडनावावरून तर मुळीच नाही.”

गुरूंनी बाटल्या आवरल्या.

दुसऱ्या दिवशी भावाने बाही वर केली. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे लागण. भावजयीच्या पट्टीवर एकच, म्हणजे सध्या तरी नाही.

“ताई, माझा थेंब बुडाला होता गं,” तो म्हणाला.

“बुडाला होता रे. गोळ्या आजपासून सुरू कर.” मग ती भावजयीकडे वळली. “तुझी तपासणी पुन्हा करायची, काही आठवड्यांनी; नवी लागण लगेच दिसत नाही. आणि लोहाच्या गोळ्या घे. तुझं रक्त कमी आहे, कमअस्सल नाही.”

बाहेर सभागृहातली अकरा माणसं रांगेत उभी होती. ताईने हातमोजे बदलले आणि पहिल्याला आत बोलावलं.

“वंश घरी ठेवून या,” ती म्हणाली. “हात पुढे करा.”