उजव्या हाताची नखं

नेलकटर तिसऱ्यांदा हातातून निसटून कपाटाखाली गेलं, तेव्हा श्यामलाबाईंनी ते तिथेच राहू दिलं. त्र्याहत्तराव्या वर्षी एका सकाळी माणसाने किती वेळा वाकावं, यालाही मर्यादा असते.

डाव्या हाताची नखं त्यांनी गुरुवारीच कापली होती; चष्मा शोधायचा कंटाळा आला म्हणून अंदाजाने. अडचण उजव्या हाताची होती. ती कापायला डावा अंगठा लागतो, आणि डाव्या अंगठ्याने दीड महिन्यापासून संप पुकारला होता. त्यात नखंही पूर्वीची राहिली नव्हती. जाड, पिवळट, उभ्या रेघांची. वय झालं की केस पातळ होतात आणि नखं जाड. वाटप करणाऱ्याने कागद उलटा धरला असावा.

या कानडी शहराच्या शिवाजीनगरातल्या एका इस्पितळात त्या तीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. नखं वाढलेल्या एका बड्या सर्जनला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. तो नखं कापून आला आणि पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. त्या वर्षी ऑपरेशनं फार वेळेवर उरकली.

उद्या मुलगा पुष्कर आणि सून गौरी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून येणार होते. पंधरा दिवसांपूर्वी जेवायला आला तेव्हा पुष्करने सांगूनच ठेवलं होतं, "आई, जे. पी. नगरचं हे घर भाड्याने देऊ. तुला एकटीला मॅनेज होत नाही असं दिसलं ना, की मी काही ऐकणार नाही." त्याच्या चौदाव्या मजल्यावर आईसाठी एक खोली होती. सध्या तिच्यात ट्रेडमिल राहत होतं.

त्या दिवशी जेवताना नखं दिसू नयेत म्हणून श्यामलाबाईंनी मुठीत चमचा धरून वरणभात खाल्ला. पोळी तोडायला बोटं उघडावी लागली असती, म्हणून पोळी घेतलीच नाही. पुष्कर खूश झाला. "गुड, आई. कार्ब्ज कमी केलेस." भाताचा दुसरा ढीग त्याच्या नजरेतून सुटला.

सुनेला सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की आज नखं, उद्या वेणी, आणि परवा ट्रेडमिलशेजारी पलंग.

कोपऱ्यावरच्या पार्लरमधली मुलगी म्हणाली होती, "ॲपवरून बुक करा ना, आंटी. मंगळवारचा स्लॉट मिळेल." मंगळवारी नखांचा काय उपयोग?

शेवटी झाडूच्या दांड्याने त्यांनी नेलकटर बाहेर ओढलं, कोमट पाण्याचं भांडं घेतलं आणि खाली जाऊन फाटकाजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. वॉचमन यल्लाप्पा निपाणीकडचा. तो उठून उभा राहिला.

"यल्लाप्पा, नखं काढता येतात का तुला?"

"कुणाची?"

"माझी."

यल्लाप्पाने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "आज शनवार हाय, अक्का."

"शनीला सांग, मुलगा रविवारी येतोय."

"सरी, सांगतो," यल्लाप्पा म्हणाला. निरोप पोचवणं त्याच्या कामातच येत होतं.

नखं दहा मिनिटं पाण्यात भिजवून झाली. "सरळ काप. कोपऱ्यात शिरू नकोस," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि आधी स्वतःचे हात—"

"धुतलेत. स्वल्प गप बसा, अक्का. हात हालतोय तुमचा."

त्यांना गप बसायला याआधी कोणी सांगितलं नव्हतं. त्या बसल्या. यल्लाप्पा एकेक बोट चिमटीत धरून, श्वास रोखून कापत होता.

"आमच्या आईची मीच काढत होतो," तो म्हणाला. "लई शिव्या द्यायची. तुमी बरं हाय."

पाचही झाली, कानशीने घासून झाली. "डाव्याची बी करू?"

"डावी माझी मी केली आहेत."

यल्लाप्पाने डावा हात पाहिला आणि काहीच न पाहिल्याचा चेहरा केला. नोकरीत ते त्याला जमून गेलं होतं.

रविवारी श्यामलाबाईंनी चार बोटं पसरून पोळी तोडली. नको तेवढी, बारीक बारीक. पुष्कर पुरावे शोधत होता.

"गॅसची नळी बदललीस?"

"फेब्रुवारीत."

"बीपी?"

"तुझ्यापेक्षा बरं."

गौरी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्याने ठीक आहे म्हणून दिलेल्या गोष्टीतली चूक काढायचा तिला पगार मिळत असे. जेवणानंतर तिने सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"आई, उजव्या हाताची किती छान कापलीत."

"हं."

"आणि डावी अशी?"

उजव्या हाताने कामं करणाऱ्या बाईची डावी नखं नीट निघतात आणि उजवी वाकडी. इथे उलटं होतं. गौरीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलेलं श्यामलाबाईंना दिसलं. त्यांनी हात काढून घेतला नाही. काढून घेऊन ठेवायचा कुठे?

"काय गं?" पुष्करने विचारलं.

"काही नाही. आईंची नखं बघतेय."

"बरं, मग शिफ्टिंगचं काय ठरवायचं?"

गौरीने सासूबाईंचे हात सोडले. "राहू दे रे एवढ्यात. ट्रेडमिल कुठे ठेवणार आहेस?"

"तो काय प्रॉब्लेम आहे?"

"तू आधी जागा शोध. मग बोलू." ती उठली. "पाणी पिऊन येते."

पाणी प्यायला तिला बराच वेळ लागला. स्वयंपाकघराचं दार श्यामलाबाईंच्या खुर्चीतून समोरच दिसे. गौरी फळीवरच्या बरण्या एकेक करून खाली घेत होती, जोर लावून झाकण फिरवत होती, आणि न आवळता नुसतं वर टेकवून बरणी होती तिथे ठेवत होती. साखर, मेतकूट, तूप. लिंबाच्या लोणच्याची बरणी महिनाभर उघडली गेली नव्हती; ती तिने ओढणीत धरली, पोटाशी दाबली आणि मान खाली घालून जोर केला. झाकण करकरलं.

पुष्करने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "कसला आवाज?"

श्यामलाबाईंनी रिमोट उचलला. त्याचं बटण त्यांना अजून दाबता येत होतं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, आणि मग आणखी थोडा.