भिंगोबाचा अंगठा

भिंगोबाने वहिनीला शब्द देऊन टाकला होता. “काखेतली गाठ स्वच्छ आहे, मी स्वतः पाहिलीय,” असं तो ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी छातीठोकपणे म्हणाला, आणि त्याचं म्हणणं कोण खोडणार? तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला माणूस तो. भिंगोबा हे नाव त्यावरूनच पडलं. वहिनी घरात आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आई नसलेला. तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं. आता तिच्या स्तनातला रोग काढून झाला होता आणि प्रश्न एकच उरला होता, तो काखेतून काढलेल्या गाठीपर्यंत, म्हणजे तिथल्या लसीकाग्रंथीपर्यंत, पसरलाय का? पसरला नसेल तर केमो टळणार होती.

पण गेल्या वर्षी लॅबमध्ये एक यंत्र आलं होतं, आणि त्याच्यासोबत भिंगोबाच्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाई. “काका, काचेवर गाठीचा एक पातळ काप येतो. बाकीची गाठ कोण बघतं?” असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. भिंगोबाला ते झोंबलं, पण खोटं कुठे होतं? यंत्र उरलेला तुकडाच चटणीसारखा वाटून घेतं आणि त्यात चिठ्ठी शोधतं. प्रत्येक पेशी आपल्या कामाच्या चिठ्ठ्या लिहीत असते. स्तनाच्या पेशीची चिठ्ठी काखेच्या गाठीत असायचं काही कारणच नाही. सापडली, की समजायचं ती बया तिथे जाऊन बसलीय. यंत्र एका चिठ्ठीच्या दोन नकला करतं, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि तीस-पस्तीस फेऱ्यांत अब्जावधी. मग पडद्यावर रेघ वर चढते. लाखो पेशींच्या गर्दीतून चार चुकार पेशी हुडकायच्या, म्हणजे काय गंमत आहे? पहिल्यांदा ती रेघ पाहिली त्या दिवशी भिंगोबा जेवायचं विसरला होता.

दिलेल्या शब्दाची खात्री करायला वहिनीच्या गाठीचा राखलेला तुकडा त्याने स्वतःच यंत्रासाठी घेतला, निम्मा फ्रीझरमध्ये परत ठेवला. घरच्या माणसाचा नमुना हाताळायचा नाही हा नियम त्याला पाठ होता. बाईंना त्याने नातं सांगितलंच नाही.

रेघ चढली. वहिनीच्या नळीची चढली, आणि मागोमाग नुसत्या पाण्याच्या नळीचीही. ही पाण्याची नळी दर वेळी मुद्दाम ठेवतात. तिने गप्प बसायचं असतं. ती बोलली, की कुठेतरी भेसळ झाली.

“हे कसं झालं?” बाई स्वतःशीच पुटपुटल्या.

भिंगोबाने आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. दोन्ही नळ्यांची बुचं घट्ट बसली होती, म्हणून त्याने हातमोजा काढून ती अंगठ्याने उघडली होती. तीस वर्षं तसंच करत आला होता. काचेवर कातडीचा कण पडला तर बिघडलं कुठे, डोळ्याला फरक कळतो. यंत्राला कुठला कळायला! तुकडा वाटला की सगळं एक, आणि कातडीही तसलीच चिठ्ठी लिहिते.

गप्प राहता आलं असतं. त्याच्या मनात ते आलंही.

“मॅडम, अंगठा माझा आहे,” तो म्हणाला. “आणि गाठ माझ्या वहिनीची.”

बाईंनी नवे हातमोजे चढवले. मग म्हणाल्या, “उरलेला तुकडा मी करते. तुम्ही बाहेर बसा, काका.”

बाहेरच्या बाकावर बसून त्याने जन्मात कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. चूक माझीच निघू दे. तो माझ्याच कातडीचा कण असू दे, नोकरी गेली तरी बेहत्तर. आणि त्या घालमेलीतही नवल वाटायचं थांबेना. अंगठा त्याने डोळ्यांजवळ धरला, चष्मा वर करून पाहिला. काहीसुद्धा दिसत नव्हतं. त्या पेटीला मात्र त्याचा स्पर्श कळला होता.

तासाभराने बाईंनी आत बोलावलं. पाण्याची रेघ आडवी होती, शांत. वहिनीची रेघही तशीच आडवी चाललेली, आणि एकतिसाव्या फेरीपाशी तिने हळूच मान वर केली होती.

“थोड्या आहेत, अगदी थोड्या,” बाई म्हणाल्या. “तुमच्या कापात त्या नव्हत्याच, काका. तुम्हाला दिसणार कुठून?”

भिंगोबाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी नजर पडद्यावरून हटेना. इतके दिवस जे कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द वहिनीलाही नाही, ते इथे लिहून आलं होतं.

घरी त्याने सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. वहिनी ऐकत राहिली.

“म्हणजे केमो.”

“हो. मी स्वच्छ म्हणालो होतो, वहिनी.”

“म्हणाला होतास खरा.” तिने त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. “लहानपणी हात धुतलेस का विचारलं, की पाठीमागे लपवायचास. आज न विचारता दाखवलेस. घाबरलास ना?”

त्याने मान डोलावली.

“मी पण घाबरलेय,” ती म्हणाली. “ती रेघ आणलीयस?”

त्याने खिशातला कागद उलगडला. तिने चष्मा लावला, आडव्या रेघेवरून बोट सावकाश पुढे नेलं आणि ती वर वळते तिथे थांबवलं.

“इथे सापडल्या होय,” ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ तिने बोट उचललं नाही.