महादेवरावांच्या माडीच्या फळ्या

इंद्रभान मास्तराने गावात पक्कं घर बांधायला काढलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. भिंती उभ्या राहिल्या, छपरावर कवेलू चढले आणि घर अडलं ते वळचणीपाशी. भिंतीबाहेर आलेल्या छपराला खालून फळ्या माराव्यात, हे एरवी कोणाच्या डोक्यातही येत नाही. इंद्रभानला मात्र त्या हव्याच होत्या, आणि लाकूड त्याच्या आईने, जनकाबाईने पसंत करायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या आईला या घरातली एक तरी गोष्ट मनापासून आवडावी, एवढाच त्याचा हट्ट. पण ती कसली बधते!

कडूबा सुताराने कडुनिंब दाखवला, वाळवी लागत नाही म्हणाला. "पाहू," ती म्हणाली. आंब्यालाही तेच. खामगावहून सागाचा तुकडा आणला, तो तिने उलटसुलट केला.

"अशाच हायेत महादेवरावच्या माडीले."

"तुम्ही कुठी पाह्यल्या?" कडूबाने विचारलं.

"खालून."

महादेवरावांच्या शेतातल्या मजुरीची ज्वारी आणायला जायचं, तर त्यांच्या ओसरीची पायरी चढायची नाही. वळचणीखाली उभं राहायचं, मालकीण बाहेर येईल तेव्हा येईल. बाटायचं काय ते ओसरीपासून आत. वळचण बाटत नसावी. तो माडीवाल्यांचा कायदा, आणि गाव तो निमूट पाळत आलं होतं.

इंद्रभानने आईच्या बोलण्यातून सोयीचा अर्थ काढला. महादेवरावांनी त्याच साली जुनं छप्पर उतरवायला घेतलं होतं. हा गुपचूप गेला, वळचणीच्या फळ्या विकत घेतल्या आणि बैलगाडीत घालून दारात आणल्या.

"माय, पाह्य बरं. त्याच फळ्या!"

जनकाबाईने एका गाठीवर बोट ठेवलं. मग ते लुगड्याला पुसलं.

"काऊन आणल्या बे?"

"तुले आवडतेत ना?"

"आवडतेत? समोर पाह्यलं का मालकीन म्हने, आमच्या घरात काऊन पाह्यतं? म्हून मी वर पाहो. आता माह्या घरीबी तेच पाहू का?"

इंद्रभानचा चेहरा उतरला. आपण आईला इतकी वर्षं ओळखतो, असं त्याला वाटत होतं. कडूबाने उगीच रंध्याचं पातं तपासायला घेतलं.

"परत देऊन येऊ?" इंद्रभानने विचारलं.

"कायले? लाकडानं काय केलं?" ती कडूबाकडे वळली. "कडूभाऊ, वर साधा कडुनिंब मारा. या फळ्याइचा बाक करा, चांगला रुंद, अन ओसरीत ठेवा."

"घरच्याइसाठी का?"

"जो येईन त्याच्यासाठी," जनकाबाई म्हणाली. "अन इंदरभान, तू ध्यानात ठेव. पयले बसवजो, मंग इचारजो काय काम हाय."