साहेबांच्या आवाजात

मंत्र्याचा थोरला भाऊ पंखे दुरुस्त करतो, हे ऐकून लोक आधी हसायचे आणि मग आपापली कामं पुढे करायचे. "साहेबांच्या कानावर घाला ना जरा." अहो, कानावर घालायला साहेबांनी फोन तर उचलायला हवा! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. साहेबांवर चिडलेल्यांनी दुकानाची काच दोनदा फोडली, तीही त्याने गुपचूप बसवून घेतली.

आज मात्र त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. शाळेत शिकवणारी त्याची एकुलती एक लेक मोर्चात काकाच्याच विरोधात घोषणा देताना पकडली गेली आणि सकाळपासून कोठडीत होती. तिला दमा, आणि औषधाचा पंप घरी टेबलावर राहिलेला. पंप द्यायला गेला तर पोलिसांनी त्याला दारातूनच हाकललं. धाकट्याच्या बंगल्यावर फोन केला तर सचिव म्हणाला, "साहेब बैठकीत आहेत." नंतर तोही फोन घेईना.

देवाने दोघा भावांना एकच गोष्ट सारखी दिली होती, वडिलांचा आवाज. लहानपणी आईसुद्धा फसायची. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पोलीस ठाण्याला फोन लावला आणि धाकट्याच्या थाटात, एकेका शब्दावर थांबत म्हणाला, "मी बोलतोय. माझ्या पुतणीला सोडा."

पलीकडे खुर्ची सरकली. "साहेब, पण माफी मागेपर्यंत सोडू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

ज्याला थोरल्याने खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यानेच हे केलं होतं!

"आता सोडा म्हणतोय ना?"

"सोडतो, साहेब. पण तीच हटून बसलीय. धाप लागलीय तरी जागची हलत नाही. काकाच्या मेहरबानीवर सुटायचं नाही म्हणते. तुम्हीच दोन शब्द बोला."

तो नको म्हणायच्या आत फोन लेकीच्या हातात गेला.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "तुमची दया नको मला. माझ्या बाबांनी तुमच्यापुढे कधी हात पसरला नाही. मीही पसरणार नाही."

त्याला हुंदका आवरेना. आपण कोणाच्या आवाजात बोलतोय, हेही विसरून तो बोलून गेला, "असा हट्ट करू नकोस गं, चिमणे."

तिला चिमणी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"बाबा?" ती ओरडलीच.

"बाबा?" मागून अधिकाऱ्याने विचारलं. "कोण आहे फोनवर?"

मंत्र्याच्या नावाने पोलिसांना खोटा फोन! आता बापही आत जाणार होता. गेला असता तर बरं झालं असतं. पण लेक हुशार निघाली.

"काकाच आहेत," ती घाईघाईने म्हणाली. "लहानपणापासून मी त्यांनाही बाबाच म्हणते." मग ती थांबली. पुढे जे बोलली, ते इतक्या पडलेल्या आवाजात, की बापाला ती आपली पोर वाटेना. "काका, चुकलं माझं. पाया पडते तुमच्या. माफ करा मला."

फोन पुन्हा अधिकाऱ्याने घेतला. तो खूश होता. "मागितली बघा माफी, साहेब! काय सांगू तिला?"

बापाने भिंतीला डोकं टेकलं.

"साहेब?"

"केलं माफ," तो धाकट्याच्या आवाजात म्हणाला.