निघायच्या दिवशी उघडलेलं इंजिन

उद्याबुवांची गाडी आज निघणार यावर गल्लीत मास्तरीणबाई सोडल्या तर कुणाचाही विश्वास नव्हता. आणि खरं सांगायचं तर बाईंचाही नव्हता. पण बॅग त्यांनी भरली होती.

उद्याबुवा म्हणजे बाईंचे यजमान. उभा जन्म त्यांनी कारखान्यात तयार मालातली खोट शोधायचा पगार घेतला आणि निवृत्त झाल्यावर तीच खोड घरी आणली. चहात खोट, पडद्यात खोट, शेजाऱ्याच्या शिंकण्यातही खोट. जावयात तर लग्नाआधीच काढली. बेकरीवाला आहे म्हणे, हाताला सदा पीठ! स्वतःचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, ते दिसले नाहीत. लेकीने एकच मागितलं होतं, आजोबांच्या या जुन्या गाडीतून मला लग्नाला जाऊ द्या. तर या गृहस्थाने गॅरेजला कुलूप ठोकलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपला. पोरगी टॅक्सीने गेली, ती गेलीच. तिला मुलगी झाली, ती नात शाळेत जायला लागली, तरी बुवांचा पत्ता नाही. लेकीनेही निरोप धाडला, "आलात तर दोघं या, नाहीतर कुणीच नको." बापाचीच लेक ती, हट्ट कुठे जाणार?

मग कुठे बुवांना पाझर फुटला. पण मुकाट्याने बसचं तिकीट काढतील तर ते बुवा कसले! "जाईन तर याच गाडीने. तिच्या दारात उभी करीन आणि म्हणेन, बस आत." नवरा माणसात आला, असं बाईंना त्या दिवशी मनापासून वाटलं.

झालं, तयारी सुरू झाली. रेडिएटर उतरवला, झाळला, चढवला. सगळी वायर उपटून नवी घातली. टायर बदलले. ब्रेक तर इतक्यांदा जुळवले की गाडी नुसतं रागावून बघितलं तरी थांबली असती. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा हिवाळा आला. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "उद्या निघतोय." कारण एखादी गोष्ट नीट चालायला लागली की ती नीट का चालते हे बघायला बुवा ती उघडत, आणि उघडली की बिघडत असे. सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

पण आज खरंच सगळं जमलं. डिकीत सामान गेलं, नातीचा फ्रॉक वर ठेवला. बाई पुढच्या सीटवर बसल्या. बुवांनी हँडल मारलं आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू! बुवा कान देऊन उभे राहिले. कपाळाला आठ्या पडल्या.

"ऐकलंस?"

"काय?"

"काहीच आवाज नाही. इतकं गपगार चालतंय?"

"मग चांगलंय की! बसा आणि चला."

"हो, हो. तू घराची किल्ली देऊन ये शेजारी."

बाई किल्ली द्यायला गेल्या. शेजारणीने चहाला बसवलं, चार गोष्टी विचारल्या, त्यात तासभर गेला. परत येऊन बघतात तो काय, बॉनेट वर, इंजिनचं हेड काढून गोणपाटावर ठेवलेलं आणि खालचा सांधा बंद करणारं गॅस्केट फाटून दोन तुकडे! बुवा वर न बघता म्हणाले, "उचलताना चिकटून आलं. मागवावं लागेल. महिना-दीड महिना."

"अहो, चालत होती ना?"

"म्हणून तर संशय आला."

बाईंचं डोकंच फिरलं. "गाडी कधीचीच तयार आहे. तुमचीच छाती होत नाही. पोरीच्या दारात उभं राहायची भीती वाटते तुम्हाला, आणि ती लपवायला हे भंगार! शरम नाही वाटत?"

"काहीतरीच," असं पुटपुटत बुवा एक नट पुसत राहिले.

बाईंनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर, मुद्दाम. "आज निघत नाही गं आम्ही."

"माहीत होतं मला," लेक म्हणाली. "मी पिल्लूला सांगितलंच नव्हतं तुम्ही येणार म्हणून." मग म्हणाली, "आई, तू एकटीच ये. दोघांचा हट्ट सोडला मी. बाबांची वाट नाही बघत आता."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. बाईंनी फोन ठेवला आणि डिकीतून आपली बॅग तेवढी काढली.

"मी पण बसने येऊ का?" बुवांनी विचारलं. कालपर्यंत हे ऐकायला मिळालं असतं तर बाईंनी साखर वाटली असती.

"मला काय विचारता? तिला विचारा." त्यांनी फोन पुढे केला.

"हात खराब आहेत माझे."

"हात नका लावू. तोंड उघडा." बाईंनी नंबर पुन्हा लावला आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हं, आई?"

"मी बोलतोय."

पलीकडे लेक ऐकत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. एक शब्द पुरला असता. बाई मनातल्या मनात म्हणत होत्या, बोल मेल्या, बोल.

बुवांनी घसा खाकरला. "अगं, ते गॅस्केट आहे ना, त्याचं असं झालं..."

"कोण आहे गं आई?" मागून नातीचा आवाज आला.

"कुणी नाही," लेक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

बाईंच्या तोंडात टोमणा तयार होता. तो त्यांनी गिळला, बॅग उचलली आणि त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या.